तपासणी स्वस्त, सही महाग

कुठे मोठी आग लागली की दुसऱ्या दिवशीची मागणी ठरलेली असते: सगळ्या इमारतींची अग्निसुरक्षा तपासणी सक्तीची करा. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून २५ माणसे गेली, तेव्हाही हीच मागणी झाली. चोर्ला घाट उतरला की गोवा. आपल्या बेळगाव-खानापूरकडची कितीतरी मुले तिकडच्या हॉटेलांत राबतात, त्यामुळे त्या बातमीने इकडेही घराघरांत फोन खणखणले असणार. मेलेल्यांत बहुतेक क्लबचेच कामगार होते.

माझा आक्षेप तपासणीला नाही. सगळ्यांची करा, या म्हणण्याला आहे. सगळ्यांची करायची तर पैसा आणि माणसे पुरत नाहीत, आणि पुरत नाहीत म्हटल्यावर कोणाचीच नीट होत नाही. कागद तेवढे सगळ्यांचे तयार होतात.

दुसऱ्या बाजूला आपली व्यापारी मंडळी आहेत. तपासणीचे नाव काढले की गणपत गल्लीपासून रविवार पेठेपर्यंत एकच सूर लागतो: आणखी एक साहेब, आणखी एक पाकीट. या तक्रारीला हसून चालणार नाही, कारण ती अनुभवातून आलेली आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष, की तपासणी हाच जनतेवर बोजा आहे, तो मात्र तपासून पाहायला हवा. बोजा नेमका किती आणि कुणावर, याचा हिशेब आपण कधी मांडतच नाही.

तर मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, ज्याला पटत नसतील त्याने आपले घालावेत. समजा दोन जाणकार माणसांचे एक पथक दिवसाला तीन ठिकाणे नीट पाहते. नीट म्हणजे जिना चढून, दार उघडून, मीटरची पेटी उघडून. वर्षाला दोनशे दिवस धरले तर सहाशे भेटी झाल्या. पगार, गाडी, डिझेल, कागदपत्रे मिळून पथकाचा वर्षाचा खर्च वीस लाख धरा. एका भेटीला साधारण तेहतीसशे रुपये पडले. आता शहरात एक लाख मिळकती धरल्या आणि वर्षातून एकदा प्रत्येकीकडे जायचे ठरवले, तर १६७ पथके लागतील आणि खर्च तेहतीस कोटींच्या वर जाईल. हे होणार नाही, आणि होऊही नये. पण जिथे परकी माणसे गर्दीने येतात किंवा रात्री झोपतात अशीच ठिकाणे घेतली, म्हणजे मंगल कार्यालये, लॉज, दवाखाने, शिकवण्या, अभ्यासिका, वसतिगृहे, चित्रपटगृहे, मोठी हॉटेले आणि रसायने किंवा कापूस हाताळणारे कारखाने, आणि ती दीड हजार धरली, तर वर्षातून दोनदा जायलाही पाच पथके पुरतात. खर्च एक कोटी.

हा एक कोटी कशाशी ताडून पाहायचा? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेले ते पॅलेस थिएटर. आपल्याकडच्या नाटकवेड्यांनाही ती बातमी घरची वाटली. जीवितहानी झाली नाही हे नशीब, पण पुनर्बांधणीसाठी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी लगेच २० कोटी जाहीर केले. वरच्या हिशेबाने बेळगावसारख्या शहराच्या गर्दीच्या जागांची वीस वर्षांची तपासणी त्यात बसते. तपासणी असती तर नाट्यगृह वाचलेच असते असे मी म्हणणार नाही, तसे कोणालाच म्हणता येत नाही. एवढेच म्हणतो, की आग लागल्यानंतरचा पैसा एका दिवसात मंजूर होतो आणि त्या पैशाला कोणी बोजा म्हणत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही गत पाण्याच्या बंबाची होतीच. आता अंदाजपत्रकाचीही झाली आहे.

त्याच आठवड्यात इकडे नावग्याजवळ चिकटपट्टी बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली होती आणि एक तरुण कामगार लिफ्टमध्ये अडकून गेला. त्याच्या आईवडिलांचे नुकसान कोणत्या खात्यात धरायचे ते मला माहीत नाही, म्हणून ते वरच्या हिशेबात धरलेले नाही.

आपल्याकडे लोक आगीला भितात, धुराला भीत नाहीत. खरे तर जाळाआधी धूर पोचतो. १९९७ च्या १३ जूनला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे मेली. जाळ तळमजल्यावरच्या वाहनतळाजवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून उठला होता. माणसे बसली होती वर, बाल्कनीत. धूर तिथे पोचला आणि जादा खुर्च्या टाकून वाट अडवलेली असल्यामुळे त्यांना वेळेत बाहेर पडता आले नाही. बंगळूरच्या कार्लटन टॉवर्समध्ये २३ फेब्रुवारी २०१० ला नऊ जण गेले; तिथेही धूर जिन्यांत भरला, काहींनी खिडक्या फोडून उड्या मारल्या. मुंबईच्या कमला मिलमध्ये डिसेंबर २०१७ ला १४ जण गेले, बहुतेक गुदमरून. फोमच्या गाद्या, रेक्झीन, प्लॅस्टिकचे छत, कृत्रिम धाग्यांच्या साड्या हे सगळे जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडते, फोममधून तर सायनाइडचा वायूही निघतो. झोपलेला माणूस जागाच होत नाही.

आता आपल्या बाजारपेठेतली एखादी जुनी इमारत डोळ्यांपुढे आणा. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडे बाजार, कुठलीही. समोरून बारा-पंधरा फूट, आत खोल. खाली कापडाचे किंवा भांड्यांचे दुकान, मधे माळ्यावर माल, वर शिकवणी, त्याच्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहणारी मुले. जिना एकच, दुकानाच्या कडेने, आणि त्या जिन्यातच विजेचे मीटर. पायऱ्यांवर पुठ्ठ्यांची खोकी. रात्री खाली शटर ओढून कुलूप, चावी मालकाकडे, मालक टिळकवाडीला. या इमारतीत आग कुठेही लागो, जिना हेच तिचे धुराडे. अशा इमारतीला पाइप, फवारे आणि दुसरा बाहेरचा जिना सांगणे म्हणजे तिला पाडून टाक म्हणणे. मालक पाडणार नाही. तो पाकीट देईल. आणि राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ जिला उंच इमारत म्हणते ती १५ मीटर आणि त्यापुढची. गल्लीतली ही तीनमजली त्यात बसतच नाही. म्हणजे जिथे धोका जास्त तिथे नियम बोलत नाही, आणि स्थानिक साहेब बोललाच तर अशक्य ते मागतो.

अशक्य ते मागणारा नियमच पाकिटाचा बाप असतो. या इमारतीकडून मागायचे ते एवढेच: जिना रिकामा, मीटरची पेटी जिन्याबाहेर किंवा पत्र्याने बंदिस्त, चांगला ट्रिप होणारा ब्रेकर, आतून चावीशिवाय उघडणारे दार, जिन्याच्या माथ्यावर आणि माळ्यावर बॅटरीचा धूरसूचक, आणि प्रत्येक मजल्यावर सुई हिरव्यात असलेले अग्निशामक. हे सगळे एका लग्नाच्या बँडपेक्षा कमी पैशांत होते. आणि तपासायला अर्धा तास पुरतो, कारण यात मत देण्यासारखे काही नाही. दार उघडते किंवा उघडत नाही.

महाग काय पडते ते इथे येते. अग्निशमन खात्याचे सध्याचे ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे गाडीच्या पीयूसीसारखे झाले आहे: धूर कोणी बघत नाही, पावती बघतात. इमारत उभी राहताना एकदा सगळे जागेवर असते, नळाला पाणीही असते. त्यानंतर पाण्याच्या टाकीवर खोली चढते, मागच्या दारापुढे फ्रिज येतो, गच्चीवर पत्रे टाकून हॉल होतो. कागद मात्र तोच भिंतीवर. हा कागद आपल्याला फुकट पडत नाही. तो मिळवण्यासाठी मालक एजंटाला देतो, एजंट पुढे देतो, आणि ते सगळे भाड्यात, फीमध्ये, लग्नाच्या हॉलच्या दरात आपणच भरतो. वर सुरक्षितता मिळत नाही ती वेगळीच. या सहीच्या खर्चापुढे वरचा तपासणीचा एक कोटी मला तरी फार वाटत नाही.

सही करणाऱ्याचे काय होते? उपहार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली नुकसानभरपाईची वाटणी केली. चित्रपटगृहाच्या मालकावर ८५ टक्के, वीज मंडळावर १५ टक्के. परवाना देणारे पोलीस आणि महानगरपालिका या दोघांवर भरपाईची जबाबदारी टाकली नाही. न्यायालयाची कारणे कायद्याच्या चौकटीत असतील, मी वकील नाही. पण सामान्य माणसाला त्यातून जे दिसते ते असे, की ज्याने बघायचे होते आणि बघितले नाही, त्याच्या खिशातून काही जात नाही. मग तो कशाला जिना चढेल?

कर्नाटकात आणखी एक गुंता आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हा नगरपालिकांकडे सोपवता येईल असा विषय धरला आहे. महाराष्ट्रात मोठ्या शहरांची अग्निशमन दले महापालिकांचीच आहेत. आपल्याकडे मात्र ते राज्याचे खाते आहे, गृहखात्याखाली, १९६४ च्या कायद्यावर चालणारे. बांधकाम परवाना महानगरपालिकेचा, व्यवसाय परवाना तिचाच, त्याचे शुल्क तिच्या तिजोरीत. तपासणीचा खर्च मात्र बंगळूरच्या तिजोरीतून. ज्याच्या पेटीत पैसे पडतात त्याला तपासण्याची गरज नाही आणि ज्याने तपासायचे त्याच्या पेटीत पडत नाहीत. विजेचे कनेक्शन हेस्कॉम या वीज कंपनीचे, ती तिसरी पेटी. यात इकडून कुणी चुकार म्हणावा असा माणूस सापडत नाही, कारण प्रत्येकाकडे आपापला शिक्का मारून झालेला असतो.

म्हणून माझे म्हणणे: व्यवसाय परवान्याच्या दरवर्षीच्या नूतनीकरणातच तपासणीचे शुल्क वेगळी ओळ करून घ्यावे, ते अग्निशमन खात्याकडे वळते व्हावे, आणि दोन भेटींची नोंद नसेल तर नूतनीकरण होऊ नये. गर्दी जमवून जो कमावतो त्याने भरावे. मंगल कार्यालयाला वर्षातून दोन भेटींचे साडेसहा हजार जड नाहीत. एका लग्नतिथीचे भाडे त्याच्या कितीतरी पट असते.

मालकानेच खासगी तपासनीस नेमावा, हा मार्ग काहींना आवडतो. सीमेपलीकडे तसे आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याने मालकाने परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा ठीक असल्याचे प्रमाणपत्र घेऊन जानेवारीत आणि जुलैत सादर करायचे असते. वर्षातून दोनदा ही कल्पना चांगली आहे, ती उचलावी. पण मालकच निवडणार, मालकच पैसे देणार आणि तोच तपासनीस मालकाला नापास करणार, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. पैसे मालकाने सरकारात भरावेत आणि कोण येणार हे संगणकाने सोडतीने ठरवावे. आणि कायदा चांगला असला म्हणून सगळे होते असेही नाही. त्याच महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे गेली. ते रुग्णालय सरकारचे होते. सरकार स्वतःला नोटीस देत नाही. तेव्हा पहिल्या वर्षीच्या यादीत सरकारी दवाखाने, वसतिगृहे आणि अंगणवाड्यांच्या इमारती घालाव्यात, मग व्यापाऱ्यांकडे बोट दाखवायला तोंड राहील.

जिथे मालक भरू शकत नाही ती जागा वेगळी. बेळगावच्या वडगाव-शहापुरात घराघरात माग आहेत. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागे स्वयंपाक, छताच्या तुळईवर सुताची किट्ट साचलेली, आणि एकाच फेजवर सगळे. निपाणीत तंबाखूच्या वखारींना लागून राहती घरे आहेत. उद्यमबागेतल्या मोठ्या कारखान्याला लावायचा नियम या मागवाल्याला लावला तर तो माग विकेल, आणि आधीच धंदा टेकीला आला आहे. इथे तपासणी फुकट हवी, दंडाशिवाय हवी, आणि वायर बदलायला थोडी मदत हवी. हा खर्च खरोखर जनतेने उचलण्यासारखा आहे, कारण त्या गल्लीत एक घर पेटले तर शेजारची दहा सुटत नाहीत. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना काढली, बहुतेक राज्यांना त्यात चौथा हिस्सा घालायचा आहे. त्यातून गाड्या आणि शिड्या आल्या तर फोटो छान निघतात. वडगावच्या बोळात ती शिडीची गाडी वळणार कशी हे मात्र एकदा जाऊन बघावे.

राहत्या घरांचा विषय यापेक्षा मोठा आहे हे कबूल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात आगीच्या अपघातांत ७,४३५ माणसे मेली, आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास राहत्या घरांत. मंगल कार्यालये कितीही तपासली तरी ही माणसे वाचत नाहीत. पण म्हणून साहेबाने घरोघरी फिरावे असेही नाही. त्यासाठी आधीच एक माणूस दारात येतो: गॅसवाला. तेल कंपन्यांनी २०२३ च्या अखेरीस घरोघरी फुकट सुरक्षा तपासणीची मोहीम काढली आणि सरकारी माहितीप्रमाणे देशभरात १२ कोटींहून अधिक घरे पाहिली, जुन्या रबरी नळ्या सवलतीत बदलून दिल्या. कायदा नाही, दंड नाही, एनओसी नाही. त्याच माणसाच्या हाती विजेच्या बोर्डाकडे एक नजर टाकायचे काम दिले तर जादा खर्च किती? घरात धूरसूचक सक्तीचा करण्याचे परदेशी खूळ मात्र इथे आणू नये. आपल्या स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली की ते यंत्र बोंबलणार, आणि आठवड्यात घरातली बाई त्याची बॅटरी काढून भिंतीवरच्या घड्याळात घालणार. झोपायच्या खोलीबाहेर ज्याला लावायचा त्याने जरूर लावावा.

सीमाभागात राहून भाषेचा विषय टाळता येत नाही, म्हणून थोडक्यात. नोटीस आणि अहवाल फक्त कन्नडमध्ये आला की अनेक मराठी दुकानदार तो एजंटाकडून वाचून घेतात, आणि एजंट वाचतो त्यापेक्षा जास्त घाबरवतो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे केंद्राच्या १९५६ च्या सूचनापत्रात ठरलेले आहे. कन्नड वर असू दे, खाली मराठी असू दे. सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल येईपर्यंत जिन्यातली खोकी थांबणार नाहीत. आणि मराठी मंडळींनीही हे ओळखावे, की भटारखान्यात झोपणारा आचारी आज ओडिशाचा किंवा झारखंडचा आहे. त्याला दोन्ही पाट्या सारख्याच. बाहेर पडायच्या दाराचे चित्र, अंधारातही दिसेल असे, त्याच्यासाठी लावले पाहिजे.

भेटीचा निकाल दारावर लागला पाहिजे, तारखेसह. महानगरपालिकेच्या संकेतस्थळावरही, पण आधी दारावर. मुलीचे लग्न ठरवणारा बाप हॉलची जेवणाची पंगत किती, पार्किंग किती हे विचारतो. मागचे दार मार्चमध्ये कुलूपबंद सापडले होते हे दारावरच वाचले तर तेही विचारेल. मालकाला दंडापेक्षा हे जास्त लागेल. चंदगडहून आपल्याकडे दवाखान्याला येणाऱ्या माणसाला तर दुसरा कोणताच मार्ग नाही, त्याला इथले कोणी ओळखीचे नसते.

यावर एक खरी अडचण उरते, ती गल्लीतल्या एकच जिना असलेल्या इमारतींची. दार, जिना, ब्रेकर सगळे ठीक केले तरी दुसरी वाट नाहीच. तिथे माझ्या मते एकच अट काटेकोर हवी: सगळ्यात वरच्या मजल्यावर रात्री भाडेकरू झोपता कामा नये, दिवसा शिकवणी किंवा ऑफिस चालेल. मालकाचे भाडे बुडेल. ते पूर्ण नाही तरी काही अंशी घरपट्टीत सूट देऊन भरून द्यावे, आणि ही सूट किती इमारतींना, किती रुपयांची, हे पालिकेने अंदाजपत्रकात उघड मांडावे. विरोध होईल, मालकांचा आणि स्वस्तात खोली गमावणाऱ्या मुलांचाही. त्या मुलांसाठी वसतिगृहाच्या जागा कुठून आणायच्या, हा पुढचा खर्च आहे आणि तोही याच हिशेबात लिहायला हवा.